सगळे कपडे एकाच नावावर

त्या लॉन्ड्री कंपनीच्या मुख्य कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, इस्त्रीची वाफ जिथपर्यंत पोहोचते परंतु इस्त्रीवाल्यांच्या गप्पा पोहोचत नाहीत अशा एका खोलीत, आपल्या कथेचे नायक विराजमान असत. त्यांचे पद डेटाबेस प्रशासकाचे. हे पद म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या सासूबाईंना लग्नाला इतकी वर्षे होऊनही उमगलेले नव्हते. त्या शेजारणींना “आमचे जावई कंप्यूटर दुरुस्त करतात” असे अभिमानाने सांगत, आणि जावई भेटीस गेले की चहाच्या आधी बिघडलेला प्रिंटर पुढ्यात आणून ठेवीत. प्रशासकही तो निमूटपणे उघडून बघत आणि निमूटपणे बंद करीत.

वस्तुतः त्यांचे काम प्रिंटरहून पुष्कळच गंभीर होते. कंपनीची दुकाने शहरभर पसरलेली होती. दुकानात कपडा आला की त्याला नंबराची एक बारीक पट्टी टाचली जाई, आणि तो नंबर कोणाचा, हे जगात फक्त एकाच ठिकाणी नोंदलेले असे: प्रशासकांच्या डेटाबेसमध्ये. “ही नोंद पुसली, तर शहरातली प्रत्येक पँट अनाथ होईल!” असे ते म्हणत. हे वाक्य त्यांनी स्वतः रचलेले होते, आणि ते त्यांना इतके प्रिय होते की दाढी करतानाही ते आरशासमोर ते म्हणून पाहत.

आरशाखेरीज हे वाक्य ऐकण्यास आणखी एक मंडळी होती. ज्या सॉफ्टवेअरवर हा डेटाबेस चाले, ते वापरणाऱ्यांचे एक मंडळ होते. त्या मंडळाचे मेळावे भरत, आणि मेळाव्यात व्याख्याने होत. व्याख्यान देणे हा प्रशासकांचा छंद होता. पत्नीच्या मते व्यसन. घरात मंडळाच्या कापडी पिशव्या इतक्या साठल्या होत्या की पिशव्या ठेवायला एक वेगळी पिशवी लागत असे.

व्याख्यानाचा विषय ठरलेला: ‘चूक होण्यापूर्वी’. त्यांचा मुख्य सिद्धांत होता लाल चौकटीचा. प्रशासकाच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या असतात. एक खऱ्या डेटाबेसची, दुसरी सरावाच्या नकलेची. दोघी जुळ्या बहिणींसारख्या हुबेहूब. सरावाच्या खिडकीत द्यायचा हुकूम खऱ्या खिडकीत दिला गेला की सर्वनाश. म्हणून खऱ्या खिडकीभोवती जाड लाल चौकट आखून ठेवावी, जेणेकरून बोट कळीवर पडण्याआधी डोळे ओरडतील. हा सिद्धांत ते वर्षानुवर्षे सांगत आले होते आणि अनेक कचेऱ्यांत तो पाळलाही जात होता.

तथापि एक शल्य त्यांच्या मनाला टोचत असे. मंडळाच्या वार्षिक अधिवेशनात एक मोठे सभागृह होते, वर सज्जा असलेले. तिथे बोलण्याचा मान त्यांना कधीच लाभला नव्हता. त्यांच्या वाट्याला दर वर्षी जेवणानंतरची वेळ आणि भांडी घासण्याच्या जागेलगतची खोली येई. तिथे श्रोते दोन प्रकारचे असत: झोपलेले, आणि झोपायला आलेले. यंदा मात्र मंडळाचे चिटणीस स्वतः छोट्या मेळाव्यांना हजर राहून मोठ्या सभागृहासाठी एक वक्ता निवडणार होते. प्रशासकांनी मनोमन त्या सज्ज्यापर्यंत आवाज पोहोचवण्याचा सराव सुरू केला. अडचण एकच होती. अधिवेशनाला जायचे तर कंपनीच्या व्यवस्थापिका, ज्यांना सारे ‘मोठ्या बाई’ म्हणत, त्यांची परवानगी हवी होती. आणि मोठ्या बाईंचे मत होते की ज्या माणसाला काम असते त्याला भाषणे सुचत नाहीत.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी घरी रंगीत तालीम झाली. पत्नी शाळेत भूगोल शिकवीत असे. ती सोफ्यावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होती. आजवर ती एकाही व्याख्यानाला गेली नव्हती. यंदा मात्र तिने स्वतःहून येण्याचे कबूल केले होते.

“तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय, ते एकदा बघतेच,” ती म्हणाली होती. या वाक्यात आदर होता की संशय, याचा निर्णय प्रशासकांना करता आला नव्हता.

त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला, घसा साफ केला आणि आरंभ केला. दुसऱ्या वाक्यालाच पत्नीने हातातला मोजा हलवून त्यांना थांबवले.

“अहो, ते लाल आधी काढा.”

“काढा? अगं, तो माझ्या व्याख्यानाचा आत्मा आहे!”

“असेल. पण आत्म्यापायी अक्षरं दिसत नाहीत. सगळं डोळ्यात जातंय. मी इथे सोफ्यावरून वाचू शकत नाही, तर शेवटच्या रांगेतला माणूस काय कपाळ वाचणार?”

“शेवटच्या रांगेत कोण बसतं?”

“मी बसणार आहे. कंटाळा आला तर उठून जाता येतं.”

प्रशासक विचारमग्न झाले. गेल्या मेळाव्यातही कोणीतरी अभिप्राय दिला होता की मागे काही दिसले नाही. चिटणीस मागे बसले तर? शेवटी त्यांनी सर्व खिडक्यांचे सर्व रंग काढून टाकले. सगळे पांढरे स्वच्छ, त्यावर ठसठशीत काळी अक्षरे. लाल चौकटीचे फक्त एक सुबक चित्र तेवढे व्याख्यानात दाखवायचे ठरले. लाल चौकटीची महती आपण लाल चौकटीवाचून गाणार आहोत, यात काही विसंगती आहे, हे त्यांच्या विद्वान मस्तकात शिरले नाही.

“आता कसं, लख्ख दिसतंय,” पत्नी म्हणाली. प्रशासकांची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी मेळाव्याच्या ठिकाणी चहाची सुट्टी चालू असताना कचेरीतून काउंटरप्रमुखांचा फोन आला. दुकानांच्या काउंटरवर बसणाऱ्या सर्व मंडळींचे हे प्रमुख. आवाज नेहमीप्रमाणे घाबरलेला.

“साहेब, एक कोट दोघांच्या नावावर दिसतोय. दोघंही समोर उभे आहेत. दोघांनी एकेक बाही धरलीये.”

“धरू द्या. बघतो,” प्रशासक म्हणाले. त्यांनी एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला, कचेरीशी जोडणी केली, खऱ्या डेटाबेसची खिडकी उघडून कोटाचा न्यायनिवाडा केला आणि कोट ज्याचा त्याला देवविला. एवढ्यात घंटा झाली. “चला, सर, तुमचाच नंबर!” असे म्हणून कोणी त्यांच्या कॉलरला छोटा माइक लावला. फोन बंद झाला, कप खाली ठेवला गेला. खिडकी मात्र उघडीच राहिली.

पहिल्या रांगेत चिटणीस मांडीवर मांडी टाकून बसले होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पत्नी. प्रशासकांनी अनाथ पँटींचे वाक्य टाकले; लोक हसले. लाल चौकटीचे चित्र दाखवले. लोकांनी माना डोलावल्या. चिटणिसांनी काहीतरी टिपून घेतले. प्रशासकांना सज्जा दिसू लागला.

“आता,” ते खर्जात म्हणाले, “मी तुमच्यादेखत मुद्दाम एक चूक करणार आहे.”

चूक अशी होती. हुकूम द्यायचा की अमुक एका शर्टाची मालकी बदलून ती आपल्या पत्नीच्या नावावर करावी. पण ‘अमुक एका शर्टाची’ हे शब्द हुकुमातून गाळायचे. मग यंत्र, जे फार आज्ञाधारक आणि तितकेच मठ्ठ असते, डेटाबेसमधला प्रत्येक कपडा पत्नीच्या नावावर करते. नंतर आदली प्रत आणून सारे पूर्ववत कसे करायचे, ते दाखवायचे. सरावासाठी गिऱ्हाइके काल्पनिक असावीत असे ते इतरांना बजावीत. स्वतःच्या नकलेत मात्र आळसापोटी पत्नीचा खराच गिऱ्हाईक नंबर ठेवलेला होता. त्यांनी पांढऱ्या स्वच्छ खिडकीत हुकूम लिहिला, हात उंच नेला, आणि पियानो वाजवणाऱ्याच्या आविर्भावात कळ दाबली.

सरावाच्या नकलेत उत्तर पापणी लवते न लवते तोच येत असे. आज यंत्र विचारात पडले.

“बायकोला एवढे कपडे द्यायचे म्हणजे यंत्रालाही धाडस लागतं,” प्रशासक म्हणाले. सभागृह खळखळून हसले. आजवरच्या त्यांच्या विनोदांत हा सर्वोत्तम होता, आणि तो त्यांनी कोणत्या प्रसंगी केला हे त्यांना पुढे आयुष्यभर आठवणार होते.

मग उत्तर आले. किती कपड्यांची मालकी बदलली, तो आकडा. सरावाच्या नकलेत कपडे जेमतेम शे-दोनशे होते. पडद्यावरचा आकडा इतका लांब होता की तो वाचायला उजवीकडून स्थाने मोजावी लागत होती.

प्रशासकांनी ती दोनदा मोजली. ही सरावाची खिडकी नव्हती. शहरातला प्रत्येक सदरा, प्रत्येक पडदा, हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे अंगरखे, वकिलांचे डगले, सारे या क्षणी एका भूगोलाच्या शिक्षिकेचे झाले होते.

मूर्च्छा येणे हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग होता. त्यांनी क्षणभर तिची वाटही पाहिली. परंतु त्यांची प्रकृती ठणठणीत असल्याने मूर्च्छा काही आली नाही. दुसरा विचार आला तो वायरीत पाय अडकवून प्रोजेक्टर पाडण्याचा. तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक फोन टणकन वाजला. पुन्हा वाजला. मग तो थांबेचना.

कपडा तयार असेल आणि त्याचा मालक बदलला, तर नव्या मालकाला आपोआप मेसेज जावा, ही सोय प्रशासकांनीच केली होती. त्याबद्दल त्यांना कचेरीत पुष्पगुच्छही मिळाला होता.

“अहो!” पत्नी मागून ओरडली. “माझे कपडे तयार आहेत म्हणून मेसेज येतायत! थांबतच नाहीयेत! मी तर काही टाकलेलंच नाही!”

सभागृह हास्यात बुडाले. पुढे बसलेल्या चिटणिसांनी मागे वळून पाहिले आणि कौतुकाने मान हलवली. लोकांना वाटले, बाई ठरवून बसवलेल्या आहेत.

“मंडळी,” प्रशासक म्हणाले, “हे खरं आहे. हा आमच्या कंपनीचा खरा डेटाबेस आहे.”

टाळ्या पडल्या.

आता हसणाऱ्या लोकांना समजावीत बसण्यास वेळ नव्हता. खरे सांगायचे तर त्यांना पुढे काय करायचे हे आठवतही नव्हते; पण बोटांना आठवत होते. यंत्र दिवसभरातला प्रत्येक बदल क्रमवार टिपून ठेवीत असते. सकाळची प्रत आणायची, तिच्यावर ते बदल एकामागून एक चढवायचे, आणि चुकीच्या नेमके आधी थांबायचे. हा प्रयोग त्यांनी भांडी घासण्याच्या जागेलगतच्या खोलीत झोपलेल्या श्रोत्यांसमोर इतक्यांदा केला होता की तोंड एकीकडे अडखळत असताना हात दुसरीकडे आपले काम करीत राहिले. प्रथम त्यांनी सर्व दुकानांचे काउंटर बंद पाडले. मग प्रत आणायला सुरुवात केली. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीच्या गतीने पुढे सरकू लागली.

इकडे पत्नी आता उठून मधल्या वाटेने पुढे येत होती. फोन कानाला लागलेला.

“नाही हो दादा, मला सूट नकोत... कसले पडदे? कुठल्या हॉटेलचे? अहो, मी नाही हॉटेल चालवत!” मग तिने फोन बाजूला घेऊन नवऱ्याला सांगितले, “दुकानवाले फोन करतायत. म्हणतात, वहिनी, जागा नाही, लवकर घेऊन जा.”

लोक आता बाकांवर हात आपटत होते. फोन पुन्हा वाजला. पत्नीने तो उचलला आणि तिचा चेहरा बदलला.

“मोठ्या बाई आहेत,” ती हळूच म्हणाली. “तुमचा बंद आहे म्हणून माझ्यावर केलाय. आज काय, सगळीकडे माझाच नंबर आहे.”

प्रशासकांनी फोन घेतला. पलीकडे कचेरीचा गलबला ऐकू येत होता. पण मोठ्या बाईंचा आवाज त्यावर इस्त्रीसारखा फिरत होता.

“काय चाललंय? सगळी दुकानं बंद आहेत. लाइन गेली का? काउंटरप्रमुख म्हणतायत, लाइनचीच गडबड असणार. त्या केबलवाल्यांनी परवा रस्ता खणला होता. तेच ना?”

पाहा, किती सुंदर पळवाट होती! लाल गालिचा अंथरून ठेवलेली. फक्त ‘हो’ म्हणायचे. रस्ता खरोखरच खणलेला होता. केबलवाल्यांना शिव्या खाण्याची सवय होती. आणखी चार शिव्यांनी त्यांचे काही बिघडले नसते. परवानगी शाबूत राहिली असती. चिटणीस समोरच होते, सज्जा समोर होता. ‘हो’ जिभेच्या शेंड्यावर आला.

शेजारी पत्नी उभी होती. वर्गात मुलगा फळ्यापाशी उत्तर द्यायला उभा राहिला की ती जशी पाहत असेल, तशी पाहत होती. मदत न करता. तिला त्यांचे काम एकदा बघायचे होते, आणि बघायला हा दिवस मिळाला होता.

“लाइन नाही, बाई,” प्रशासक म्हणाले. “मी. मी भाषण करत होतो. इथून खऱ्या डेटाबेसवर चुकीचा हुकूम दिला. सगळे कपडे माझ्या बायकोच्या नावावर झालेत. परत आणतोय. अर्धा तास लागेल. तोवर दुकानांना कागदी चिठ्ठ्या द्यायला सांगा आणि कोणालाही काही देऊ नका.”



“सगळे?” मोठ्या बाईंनी विचारले.

“सगळे. तुमची ती जांभळी शालसुद्धा.”

कॉलरवरचा माइक चालूच होता. शेवटच्या वाक्यावर सभागृहात जो हशा उसळला, तो फोनमधून पलीकडेही पोहोचला असावा. कारण मोठ्या बाईंनी तिथेच फोन ठेवला.

निळी पट्टी टोकाला पोहोचेपर्यंत प्रशासक उभ्या उभ्या बोलत राहिले. काय बोलले ते त्यांना पुढे सांगता आले नाही. एवढे आठवते की कोणी प्रश्न विचारला, “सर, तुमच्या खिडकीला लाल चौकट का नव्हती?” आणि त्यांनी उत्तर दिले, “शेवटच्या रांगेला नीट दिसावं म्हणून.” यावरही टाळ्या पडल्या. मग पट्टी संपली. त्यांनी आपल्या पत्नीच्या नावावर किती कपडे आहेत, हे यंत्राला विचारले. यंत्र म्हणाले, एकही नाही. तेव्हा ते खुर्चीवर बसले, आणि सर्व लोक उठून उभे राहिले.

चिटणिसांनी व्यासपीठावर येऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

“काय नाट्य उभं केलंत हो! आणि वहिनींनी तर कमाल केली. तो फोनचा प्रवेश! अंगावर काटा आला.”

“चिटणीससाहेब, ते नाट्य नव्हतं. खरंच झालं.”

“अगदी असंच!” चिटणीस डोळा मिचकावून म्हणाले. “हेच वाक्य, याच पडेल चेहऱ्याने, मोठ्या सभागृहात म्हणायचं. तुमचं नाव पक्कं समजा.”

ज्या वाक्यासाठी प्रशासक इतकी वर्षे झुरले, ते वाक्य असे आले. आणि आले तेव्हा त्यांना ते एखाद्या परक्या माणसाच्या सदऱ्यासारखे वाटले, मापाचे असूनही आपले नसलेले. “परवानगी मिळाली तर,” एवढेच ते म्हणाले.

घरी परतताना पत्नीने विचारले, “ते लाल मी काढायला लावलं. म्हणजे माझ्यामुळे झालं का हो?”

“तू मला अक्षरं दिसत नाहीत म्हणालीस. अक्कल बाजूला ठेव, असं नव्हतीस म्हणाली. ती मी स्वतःहून ठेवली.”

“तरी म्हटलं, भाषण कालच्या तालमीपेक्षा जरा वेगळं का वाटतंय,” ती म्हणाली, आणि दोघांनाही एकदम हसू फुटले.

घराच्या फाटकाशी पोहोचताच ते हसू थांबले. दारात कंपनीची डिलिव्हरीची गाडी उभी होती. पायऱ्यांवर गठ्ठ्यांची उतरंड लागली होती, आणि गाडीवाला त्या उतरंडीला टेकून डुलक्या घेत होता. भरलेली गाडी घेऊन तो आधीच निघाला होता, आणि काउंटर बंद पडण्याआधी त्याच्या यादीतला प्रत्येक पत्ता हाच झाला होता.

“वहिनी, या एकदाच्या!” तो दचकून उठला. “सगळं तुमच्याच नावावर. निम्मी गाडी अजून भरलेली आहे. दार उघडता का?”

“दादा, हे परत न्यायचंय,” प्रशासक म्हणाले.

गाडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिले. “आत्ता उतरवलं की हो सगळं! हे कोणी केलं?”

“मीच.”

“बरं,” गाडीवाला म्हणाला आणि पहिला गठ्ठा त्यांच्या पोटावर टेकवला. “मग चढवा.”

व्याख्यानाच्या कडक कपड्यांत प्रशासक हॉटेलच्या चादरी उचलू लागले. पत्नीनेही पदर खोचला. शेवटचे पडदे चढत असताना तिचा फोन वाजला. मोठ्या बाईंचाच. त्यांनी तिला फोन स्पीकरवर लावायला सांगितला.

“ऐकताय ना? आजपासून कचेरीबाहेरून खऱ्या डेटाबेसला हात लावायचा नाही. ती सोय मी काढून घेतलीये. कोट फाटला तरी चालेल.”

“बरोबर आहे, बाई.”

“काउंटरप्रमुख अजूनही लाइनच म्हणतायत. तुमच्याआधी तिघांनी मला लाइन म्हणून सांगितलं. तुमच्या त्या चिटणिसांचाही फोन आला होता. फार हसत होते. म्हणाले, तुमचे साहेब थोर कलाकार आहेत. मी म्हटलं, कलाकार वगैरे काही नाहीत, खरंच घोटाळा केलाय. तर ते आणखीच हसले. ते अधिवेशन, जा तुम्ही. रजा देते. पण लॅपटॉप माझ्या कपाटात ठेवून जायचं. किल्ली माझ्याकडे.”

“लॅपटॉपशिवाय?” प्रशासकांच्या हातातला पडदा गळाला. “बाई, लॅपटॉपशिवाय मी दाखवू काय?”

“ते तुमचं तुम्ही बघा. आणि आधी माझी शाल कुठाय ते बघा.”

शाल पायरीवरच्या उरलेल्या गठ्ठ्यात सापडली. पत्नीने ती अलगद घडी करून गाडीवाल्याच्या शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तसे ते दोघे पायरीवर बसले.

“फळा चालेल का तुमच्या त्या सभागृहात?” तिने विचारले. “माझ्या शाळेतून आणता येईल. घडीचा आहे. नकाशे टांगायचा.”

“फळ्यावर डेटाबेस दाखवू?”

“मी फळ्यावर समुद्र दाखवते,” पत्नी म्हणाली. “आणि माझ्याकडे लाल खडू आहेत. पण चौकट जाड काढा हं. मी मागेच बसणार आहे.”